मायआयसॅमवरून इनोडीबीवर जाण्याआधी

मायआयसॅम आणि इनोडीबी ही मायएसक्यूएल डेटाबेसची टेबलं सांभाळणारी दोन इंजिनं. पावसाळ्यात फोंड्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि नोंद चालू असताना लाईट गेली की मायआयसॅमचं टेबल करप्ट होऊ शकतं. म्हणून पतसंस्थेचा डेटा इनोडीबीवर न्यायचा असेल तर चवथीच्या गर्दीआधी न्या.

बॅकअप घ्याच. पण सिंगल-ट्रान्झॅक्शनवाल्या डंपवर (डेटा उतरवून घेतलेल्या फाइलवर) विसंबू नका, मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द, हे कळतच नाही. सगळी टेबलं लॉक करून घ्या. डिस्कवर भरपूर जागा ठेवा, कारण बदलताना टेबलाची नवी प्रत तयार होते.

आता मुख्य काम: प्रत्येक टेबलाचं इंजिन तपासा. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. खात्यांचं टेबल इनोडीबीवर आलं, ठेवींचं मायआयसॅमवरच राहिलं. रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तेव्हा खात्यातली नोंद मागे गेली, ठेवीतली तशीच राहिली. अशा वेळी मायएसक्यूएल ११९६ ची नुसती वॉर्निंग देतं, एरर नाही. प्रोग्रॅमने ती वाचली नाही तर सभासद पासबुक घेऊन काउंटरवर येईपर्यंत कुणालाही पत्ता लागत नाही. ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी डीफॉल्ट आहे असं कुणी सांगेल. डीफॉल्ट लागू होतं नव्या टेबलाला, तेही इंजिन लिहिलेलं नसेल तरच. जुन्या डंपमध्ये ते लिहिलेलं असतं! म्हणून रिस्टोअर केलात की पुन्हा इंजिन तपासा.

पावती क्रमांक शाखेगणिक १ पासून आपोआप पडत असतील तर थांबा. दोन कॉलमांच्या कीमध्ये दुसरा कॉलम ऑटो-इन्क्रिमेंट ठेवणं मायआयसॅमला चालतं. इनोडीबी १०७५ चा एरर देऊन अडतं. ते क्रमांक कसे द्यायचे हे आधी ठरवा. फॉरेन कीचंही (ठेवीला खातं असलंच पाहिजे असं दोन टेबलं बांधणारा नियम) तसंच: मायआयसॅम ती मुकाट्याने सोडून देतं. बदलल्यावर ती नव्याने घालावी लागते, आणि खातंच नसलेल्या ठेवी निघाल्या तर ती लागणार नाही. अशा ठेवी आधीच शोधा.

इनोडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मुळात १२८ एमबीच असतो, वाढवा. कमिटला (नोंद पक्की होताना) लॉग डिस्कवर लिहिण्याची सेटिंग १ वरच राहू दे. वेगासाठी २ केलीत तर लाईट गेल्यावर शेवटच्या नोंदी जाऊ शकतात. अख्ख्या टेबलाचं काउंट आता हळू येईल, येऊ दे. डेटा फाइली नुसत्या कॉपी करून हलवू नका.

आणि काउंटर उघडण्याआधी इंजिन परत तपासा, ठेवींच्या टेबलापासून सुरुवात करून.