टिप नवी, तरी व्हीएसआय थरथरतोय

क्रश सँडचा व्हीएसआय, म्हणजे फिरत्या रोटरमधून दगड वेगाने फेकून फोडणारा उभ्या शाफ्टचा क्रशर. रोटरला माल बाहेर फेकणारी तीन तोंडं. तोंडाच्या कडेला झीज सोसणारी, कार्बाइडची कठीण पट्टी असलेली टिप असते. झिजलेली एकच टिप बदलली आणि मशीन सुरू करताच थरथर वाढली. बेअरिंग गार, फाउंडेशन बोल्ट घट्ट, बेल्टही ठीक. दोष रोटरमध्येच होता.

या रोटरच्या आत दगडाचाच थर बसतो आणि तोच पत्र्याला झिजेपासून वाचवतो. ओल्या, मातकट मालामुळे एका तोंडातला थर ढासळला होता, बाकी दोन भरलेले. त्यात भर म्हणून नवी टिप जड, दोन झिजून हलक्या. इतक्या वेगात एवढा फरकही बेअरिंग खातो.

मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, रोटर पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडलं. तिन्ही तोंडं खरवडून साफ केली. टिपा वजनकाट्यावर ठेवून सारख्या वजनाचा पूर्ण संच बसवला. टिपांच्या कार्बाइडच्या पट्टीला कुठे चीर नाही ना, हेही पाहिलं. मग थर समान बसेपर्यंत कोरडा माल थोडा थोडा सोडला. थरथर गेली.

आपला काळा दगड टिपा लवकर खातो. म्हणून बचतीसाठी एकेक टिप बदलू नका, संचच बदला.