पैसा कुणाच्या खात्यात, कचेरी कुठल्या गावात: बंडखोर गटाबरोबर मदतवाटपाचा करार लिहिताना

२६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व किनाऱ्याचा बराच पट्टा एलटीटीईच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेच्या ताब्यात होता. तिथे मदत पोचवायची तर त्यांच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोलणी सहा महिने रेंगाळली. २४ जून २००५ला ‘पी-टॉम्स’ नावाच्या, मदतवाटपाच्या संयुक्त यंत्रणेच्या करारावर सह्या झाल्या आणि १५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य कलमांना स्थगिती दिली. जेमतेम एकवीस दिवस. असा मसुदा करायची वेळ तुमच्यावर आली, तर हा करार शेजारी उघडा ठेवून बसा.

आधी सभागृहातली डोकी मोजा. राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांच्या आघाडीकडे २२५पैकी १०५ जागा होत्या आणि त्यांतल्या ३९ जेव्हीपी या डाव्या, सिंहली राष्ट्रवादी पक्षाच्या. जेव्हीपीचा विरोध काही गुपित नव्हता. १६ जूनला, सह्यांच्या आठ दिवस आधी, तो पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि त्याच्याच खासदारांनी न्यायालय गाठलं. घटक पक्ष जाणार हे दिसत असेल तर विरोधकांचा पाठिंबा सहीच्या आधी आणि लेखी घ्या. सरकारतर्फे सही मंत्र्याने न करता खात्याच्या सचिवाने केली, हे मात्र शहाणपणाचं होतं. त्यामुळे ‘राज्याने बंडखोरांना बरोबरीचा दर्जा दिला’ या आरोपाची धार थोडी तरी कमी होते.

मग क्षेत्र आखा. पी-टॉम्समध्ये ओहोटीच्या सरासरी रेषेपासून आत २ किलोमीटर एवढाच पट्टा धरला होता, सहा जिल्ह्यांत: जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि अंपारा. नकाशावर रेघ सुटसुटीत दिसते, पण जमिनीवर तिच्या पलीकडे वीस वर्षांच्या युद्धाने विस्थापित झालेली माणसं झोपड्यांत राहत होती. लाटेने घर गेलेल्याला पक्कं घर आणि तोफेने गेलेल्याला ताडपत्री, असा हिशेब गावात कुणाला पटत नाही. म्हणून रेघेबाहेरच्यांसाठी निधीचा ठरावीक हिस्सा त्याच मसुद्यात लिहा. पुढच्या टप्प्यावर ढकललात की तो टप्पा येत नाही.

आता समितीची मतं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या पट्ट्यातल्या मदतीचे निर्णय घेणाऱ्या प्रादेशिक समितीत १० जण होते: एलटीटीईचे ५, मुस्लिम पक्षांचे ३, सरकारचे २. कागदावर वाटणी उदार वाटते. बोटांवर मोजून बघा. साध्या बहुमताला ६ लागतात, म्हणजे पाच जणांच्या गटाला फक्त एक मत फोडायचंय. अल्पसंख्याकांच्या बचावासाठी विशेष बहुमत ठेवायचं म्हणून कुणी ७चा आकडा सुचवला, तर ५ आणि २ मिळून सातच होतात; तिघे बाहेरच राहतात. १० जणांत ३ जणांना खरा नकाराधिकार हवा असेल तर आकडा ८ पाहिजे. नाहीतर ‘प्रत्येक गटाचं निदान एक मत’ अशी अट घाला. दुसरा मार्ग बरा, कारण उद्या सदस्यसंख्या बदलली तरी तो टिकतो.

आणि जे समितीत बसणार आहेत ते सहीलाही हवेत. त्सुनामीत सर्वाधिक बळी अंपारा जिल्ह्यात गेले, तिथल्या किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती दाट. तरीही सह्या दोनच, सरकारची आणि एलटीटीईची. तीन जागा दिल्या पण टेबलावर खुर्ची नाही, ही मुस्लिम पक्षांची तक्रार रास्तच होती. सहीनंतर केलेली मनधरणी महाग पडते.

न्यायालयात अडकलं ते मात्र याहून साध्या दोन गोष्टींवर. पहिली, प्रादेशिक निधी. परदेशी मदत देशासाठी आलेली, मग ती राज्याच्या तिजोरीचे घटनात्मक नियम टाळून वेगळ्या खात्यात कशी जाईल? दुसरी, प्रादेशिक समितीची कचेरी किलिनोच्चीत, म्हणजे एलटीटीईच्या राजधानीत. तिथे सामान्य नागरिक, त्यातही सिंहली किंवा मुस्लिम माणूस, अर्ज घेऊन बिनघोर जाईल का? न्यायालयाने सगळा करार रद्द केला नव्हता. पण निधी आणि ठिकाण काढून घेतल्यावर उरलं ते नुसतं लेटरहेड. तेव्हा पैसा आधी तिजोरीत घ्या, तिथून नावानिशी वेगळ्या लेखाशीर्षावर काढा आणि महालेखापालाची तपासणी कलमातच घाला. कचेरी दोन्ही बाजूंचा माणूस संध्याकाळपर्यंत घरी परतू शकेल अशा गावी ठेवा.

इंडोनेशियातल्या आचेमध्ये गाठ वेगळी बांधली गेली. १५ ऑगस्ट २००५च्या हेलसिंकी करारात ‘गाम’ या बंडखोर संघटनेला वेगळा निधी दिला नाही. ‘बीआरआर’ या सरकारी पुनर्बांधणी संस्थेत सर्व पातळ्यांवर प्रतिनिधी नेमायचा हक्क दिला. अर्थात गामने स्वतंत्र देशाची मागणी सोडली होती, एलटीटीईने नव्हती. समोरचा त्या जागी आलेला नसेल तर आचेचं कलम जसंच्या तसं उचलू नका.

देणगीदारांच्या वकिलांना मसुदा पहिल्याच आठवड्यात दाखवा. एलटीटीईवर भारतात १९९२पासून बंदी होती, अमेरिकेच्या दहशतवादी यादीत ती १९९७पासून होती. ज्या समितीचं अध्यक्षपद अशा गटाकडे जाणार, तिच्या खात्यात त्या देशांनी पैसे कसे टाकावेत?

शेवटी रस्ता. २००२च्या शस्त्रसंधीनंतर जाफनाकडे जाणाऱ्या ए-९ महामार्गावर एलटीटीई मालावर कर घेत असे. ‘मदतीचा माल करमुक्त’ एवढं वाक्य पुरत नाही. तांदूळ, ताडपत्री, पंप, सिमेंट अशी वस्तूंची यादी करारालाच जोडा. सिमेंटवर भांडण ठरलेलं, कारण त्यातून घरही होतं आणि बंकरही. त्याची पोती घरांच्या संख्येला बांधून द्या. पोच-पावती तमिळ, सिंहली आणि इंग्रजीत, चार प्रतींत: चालक, गोदाम, दोन्ही बाजूंची नाकी. ५० किलोची १०० पोती निघाली तर पावतीवर पोत्यांची संख्या आणि एकूण वजन दोन्ही लिहा. नुसती संख्या लिहिली की १०० पोती पोचतात, पण शिवण उसवून पुन्हा घातलेली, प्रत्येकी ४५ किलोची.