लिनक्ससाठी फाइलसिस्टम लिहिताय? या चुका टाळा

व्हीएफएस (लिनक्स कर्नलमधला, सगळ्या फाइलसिस्टमना सामाईक असलेला थर) आपल्याकडून फंक्शन पॉइंटरांचे तक्ते भरून घेतं: लुकअप (नावावरून फाइल शोधणं), क्रिएट, अनलिंक (फाइल काढणं), रीनेम. ते भरले की मोड्यूल कंपाइल होतं, ‘एलएस’ही चालतं. पण लॉक कोणी धरायचा, रेफरन्स (वस्तू वापरात असल्याची नोंद) कोणी सोडायचा, हे नियम सीच्या कंपायलरला ठाऊक नसतात. त्याला दिसतो फक्त पॉइंटर.

माझ्या पहिल्या फाइलसिस्टमने अनमाउंट करताना ‘बिझी आयनोड्स’ची, म्हणजे अजून वापरात दिसणाऱ्या आयनोडांची (फाइलची माहिती धरणाऱ्या नोंदींची), तक्रार केली. (जुन्या कर्नलमध्ये त्यापुढे ‘५ सेकंदांत आत्मनाश, दिवस छान जावो’ अशा अर्थाची ओळही असे!) दोन दिवस मी अनलिंक चाळत बसलो, घोळ होता लुकअपमध्ये. ‘आयगेट_लॉक्ड’ने नवा, लॉक केलेला आयनोड दिला, डिस्कवरची नोंद वाचताना एरर आली आणि मी तसाच रिटर्न केला. आयनोड अर्धवट, लॉक तसाच, रेफरन्सही लटकलेला. तीच फाइल पुन्हा ‘स्टॅट’ केली की प्रोसेस गोठायची. तिथे ‘आयगेट_फेल्ड’ हवं होतं, ते लॉक आणि रेफरन्स दोन्ही सोडतं.

मग धसका घेऊन मी सगळीकडे ‘आयपुट’ (रेफरन्स सोडणारे कॉल) पेरले. ही पुढची चूक. लुकअपच्या शेवटी नावाला आयनोड जोडणाऱ्या ‘डी_स्प्लाइस_एलियस’ला तो दिला की रेफरन्स त्याचा झाला, ते एरर देऊन परतलं तरीही. वर आपण ‘आयपुट’ केलं तर तो दोनदा सुटतो, आणि मेमरी बिघडते ती भलत्याच ठिकाणी.

लॉकचंही तसंच. आपलं अनलिंक बोलावण्याआधीच व्हीएफएसने डिरेक्टरी आणि काढली जाणारी फाइल, दोन्हींचे लॉक धरलेले असतात. आत ‘सुरक्षित राहावं’ म्हणून फाइलवर पुन्हा ‘आयनोड_लॉक’ केलंत की प्रोसेस डी स्टेटमध्ये (न मोडता येणाऱ्या झोपेत). ‘किल -९’लाही दाद देत नाही. कोणत्या कॉलला कोणता लॉक, याचा तक्ता कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमधल्या ‘लॉकिंग’ फाइलमध्ये आहे. तो उघडा ठेवूनच कोड लिहा.

२०११ साली २.६.३८ मध्ये आरसीयू-वॉक (लॉक न घेता पाथ शोधायची जलद वाट) आलं, त्यामुळे आता परवानगी तपासणाऱ्या ‘परमिशन’ला ‘मे_नॉट_ब्लॉक’ फ्लॅग येऊ शकतो. तो असताना म्युटेक्स (वाट पाहायला लावणारा लॉक) किंवा झोपू शकणारं मेमरी अ‍ॅलोकेशन चालत नाही. गरज पडलीच तर उणे ‘ईचाइल्ड’ हा एरर कोड परत करा. व्हीएफएस संथ वाटेने पुन्हा येतं.

‘फाइल_सिस्टम_टाइप’मध्ये ‘ओनर’ विसरू नका, नाहीतर फाइलसिस्टम माउंट असतानाही मोड्यूल काढता येतं.

हे सगळं डोळ्यांनी पकडायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दिवसापासून टेस्टच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडायला), डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप (नको तिथे झोपणं पकडायला) आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडायला) चालू ठेवा. कर्नल संथ होतो, होऊ द्या. यूझर पॉइंटरची गफलत ‘मेक सी=१’ने स्पार्स हे तपासणीचं साधन पकडतं. एक्सएफएसटेस्ट्स (फाइलसिस्टम तपासणाऱ्या टेस्टचा संच) चालवताना फेलस्लॅबही लावा: तो मुद्दाम मेमरी नाकारतो, आणि माझ्या त्या लुकअपसारख्या, एरवी कधीच न चालणाऱ्या वाटा चालू लागतात.