अमळनेरात बसून पोस्ट-पंक कसं ऐकावं

पोस्ट-पंक म्हणजे पंक रॉकच्या लाटेपाठोपाठ, 1970 च्या दशकाच्या शेवटी आलेलं संगीत. ते ऐकायचं तर आधी मोबाइलचा स्पीकर बंद करा. या संगीतात बेस गिटार पुढे असते आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ती ऐकूच येत नाही. साधा वायरवाला हेडफोन पुरे.

मी दहावीत असताना गाणी मेमरी कार्डात भरून आणायचो. एकदा अहिराणी लग्नगीतांच्या फोल्डरात जॉय डिव्हिजन या इंग्लिश पोस्ट-पंक बँडची चार गाणी येऊन पडली. मला वाटलं, फाइल बिघडली. गाणारा थंडगार, ड्रम रिकाम्या गोदामात वाजवल्यासारखे. आजी म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ, कोनी मरनं का?"

म्हणून नुसती गाणी उचलू नका. जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ (1979) हा अल्बम क्रमानं ऐका. 10 गाणी, 40 मिनिटांचा मामला. पहिल्या फेरीत फक्त बेस धरा. बँडचा बेसवादक पीटर हूक बेसच्या वरच्या सुरांत चाल वाजवतो आणि गिटार मागून रंग भरते. आपल्याला उलटी सवय असते, त्यामुळे आधी चुकल्यासारखं होतं. दुसऱ्या फेरीत ड्रम ऐका. ती गोदामाची पोकळी निर्माता मार्टिन हॅनेटची करामत, त्यानं डिजिटल डिले (आवाज क्षणभर उशिरानं पुन्हा ऐकवणारं यंत्र) वापरला होता. शब्द सगळ्यात शेवटी. उच्चार कळत नाहीत म्हणून लाजू नका, मलाही कळले नव्हते.

मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या रेघा टी-शर्टवर पाहिल्या असतील. त्या 1967 साली सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांच्या आहेत.

जॉय डिव्हिजन हे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या आसपासचं, म्हणजे कापडगिरण्यांच्या मुलखातलं बँड. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत (1861–65) तिकडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बंद गिरणीच्या भिंतीकडेनं शाळेत गेलेल्या पोराला हा आवाज फार परका वाटत नाही, असं आपलं माझं मत.

एक जपा. गायक इयान कर्टिसनं 18 मे 1980 रोजी, 23 व्या वर्षी आत्महत्या केली. त्याच्या दुखण्याला वलय देणारे खूप भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. गाणी ऐकून मन जड झालं तर हेडफोन काढा आणि घरात कुणाशी तरी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही आहे.

पुढे वाटा फुटतात. जानेवारी 1978 मध्ये सेक्स पिस्टल्स हे पंक बँड मोडल्यावर त्याचा गायक जॉन लायडननं पब्लिक इमेज लिमिटेड हे नवं बँड काढलं. त्यांचा ‘मेटल बॉक्स’ (1979) खरोखरच पत्र्याच्या गोल डब्यात विकला गेला. त्यातला बेस जमैकाच्या डबमधून (रेगेचं बेस-ड्रम पुढे आणणारं रूप) आलाय; तो पोटात जाणवला नाही तर हेडफोन बदला. लीड्सच्या गँग ऑफ फोरची गिटार कोरडी, खरखरीत, ‘एंटरटेनमेंट!’ (1979) घ्या. अमेरिकेतल्या टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’ (1980) नायजेरियाच्या फेला कुटीच्या ठेक्यांवर पोसलाय. द क्युअर हे बँड नंतर ऐका, घाई नाही.

आणि मुलींनी, खरं तर सगळ्यांनीच, द स्लिट्सचा ‘कट’ (1979) सोडू नये. वाजवायला नीट शिकण्याआधीच या पोरी स्टेजवर चढल्या होत्या. मे महिन्यात वीज गेली की आम्ही गच्चीवर झोपायचो. तिथं हेडफोनचं एक टोक मी आजीच्या कानात दिलं. दोन गाणी होईपर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "यावर नाचता येस."