रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणामागचे संशोधन कसे वाचावे

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणामागचे संशोधन समजून घ्यायचे असेल, तर रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) वाढला की घटला येथून सुरुवात न करता, निर्णय घेणाऱ्यांपुढे त्या वेळी नेमका कोणता प्रश्न होता येथून सुरुवात करावी. हे संशोधन बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. तरीही धोरण जाहीर झाल्यावर चर्चा होते ती बहुधा गृहकर्जाच्या हप्त्याचीच. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, पत्रकार किंवा मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणारा जाणकार वाचक यांपैकी कोणालाही हे वाचन जमू शकते. त्यासाठी २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधील घडामोडींचे उदाहरण घेऊ, कारण त्या दोन महिन्यांत संशोधन आणि निर्णय यांचे नाते फार स्पष्टपणे दिसले.

आधी चौकट लक्षात घ्यावी. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. तिचे तीन सदस्य बँकेतील असतात आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले असतात. किरकोळ महागाईचा दर ४ टक्के राखणे हे तिचे उद्दिष्ट असून, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा आहे. समितीच्या हाताशी येणारे साहित्य मुख्यतः बँकेचा आर्थिक व धोरण संशोधन विभाग आणि सांख्यिकी विभाग तयार करतात. त्यात सर्वेक्षणे, सहामाही पतधोरण अहवाल, वर्किंग पेपर (चर्चेसाठी प्रसिद्ध केलेले संशोधन-निबंध) आणि १९४७ पासून निघणारे मासिक बुलेटिन यांचा समावेश होतो. बुलेटिनमधील लेखांवर ‘ही मते लेखकांची आहेत, बँकेची नव्हेत’ अशा आशयाची टीप असते. ती गांभीर्याने घ्यावी, पण लेखक कोण आहे हेही अवश्य पाहावे.

आता उदाहरणाकडे वळू. जुलै २०२४ च्या बुलेटिनमध्ये नैसर्गिक व्याजदराचा नवा अंदाज प्रसिद्ध झाला. अर्थव्यवस्था आपल्या क्षमतेइतके उत्पादन करीत असताना महागाईला चढता किंवा उतरता रेटा न देणारा, महागाई वजा जाता उरणारा व्याजदर म्हणजे नैसर्गिक दर. तो कोठेही मोजता येत नाही, केवळ अनुमानाने काढावा लागतो. २०२१-२२ च्या तिसऱ्या तिमाहीसाठी ०.८ ते १.० टक्का असलेला हा अंदाज २०२३-२४ च्या चौथ्या तिमाहीसाठी १.४ ते १.९ टक्के इतका वर गेला. असा आकडा दिसला की कागद-पेन्सिल घ्यावी आणि स्वतः वजाबाकी करावी. त्या वेळी रेपो दर ६.५ टक्के होता आणि २०२४-२५ साठी बँकेचा महागाईचा अंदाज ४.५ टक्के होता, म्हणजे वास्तव व्याजदर २ टक्के होतो. जुन्या अंदाजाशी ताडून पाहिले तर धोरण फारच कडक वाटते, नव्या अंदाजाशी ताडले तर ते जेमतेम वरच्या कडेवर आहे. एका संशोधन लेखाने धोरणाच्या कडकपणाचे मोजमापच बदलले ते असे.

ही वजाबाकी करताना कोणती महागाई वजा करतो याचे भान ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. जुलै २०२४ मध्ये महागाईचा दर ३.५४ टक्क्यांवर उतरला होता. तो वजा केला तर वास्तव दर जवळजवळ ३ टक्के येतो. ऑक्टोबरमध्ये तीच महागाई ६.२१ टक्क्यांवर गेली, आणि तेव्हाही रेपो दर ६.५ टक्केच असल्याने उरतात अवघे ०.२९. तीन महिन्यांत धोरण इतके बदलले नव्हते. जुलैचा आकडा मुख्यतः मागील वर्षाच्या तुलनेमुळे खाली आला होता, कारण जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडल्यामुळे महागाई ७.४४ टक्क्यांवर पोहोचली होती आणि त्या उंच पायाशी तुलना झाली. व्याजदराचा परिणाम अर्थव्यवस्थेत अनेक महिन्यांनी उतरतो, म्हणून पुढील वर्षभराचा अंदाज वजा करणेच योग्य, असे माझे मत आहे. एका महिन्याच्या आकड्यावर मांडलेला युक्तिवाद वाचताना वाचकाने नेहमी वर्षभरापूर्वीचा त्याच महिन्याचा आकडा शोधावा.

दुसरा प्रश्न अन्नधान्य आणि भाजीपाल्याच्या महागाईचा होता. जुलै २०२४ मधील केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने, खाद्यपदार्थ वगळून महागाईचे उद्दिष्ट ठरवावे का याचा विचार व्हावा असे सुचवले. युक्तिवाद समजण्यासारखा आहे, कारण पाऊस लांबल्याने भाजी महागली तर व्याजदर वाढवून भाजी स्वस्त होत नाही. त्याच वर्षीच्या एका वर्किंग पेपरनुसार ग्राहकाच्या एका रुपयातील टोमॅटो उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात. उरलेला भाग वाहतूक, नासाडी, आडते आणि विक्रेते यांच्याकडे जातो, आणि नाशिक-पुण्याच्या बाजारांतली ही साखळी रेपो दराने आखूड होणार नाही. मात्र किरकोळ महागाई मोजण्याच्या, २०१२ हे आधार वर्ष असलेल्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता. कुटुंबाचा एवढा मोठा खर्च वगळून ठरवलेले उद्दिष्ट लोकांना आपले वाटेल का, हा प्रतिप्रश्न तितकाच रास्त आहे.

ऑगस्टच्या बुलेटिनमधील एका लेखाने याच वादाला हात घातला. दीर्घकाळ टिकणारी खाद्यमहागाई कुटुंबांच्या अपेक्षांवर आणि पुढे इतर किमतींवर पसरते, म्हणून धोरणाने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, असा त्याचा रोख होता. लेखकांत तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर मायकेल देबब्रत पात्रा होते, म्हणजे समितीत मत देणारा सदस्यच लिहीत होता. असा लेख वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात: आकडेवारी कोणत्या कालखंडाची आहे, धक्का किती काळ टिकला तर परिणाम पसरतो, आणि परिणामाचा आकार केवढा आहे. यांतला दुसरा मुद्दा निर्णायक आहे. २०२३ मध्ये टोमॅटोच्या भडक्यानंतरही समितीने दर हलवला नाही आणि सप्टेंबरपर्यंत महागाई ५.०२ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये चिंता होती ती खाद्यमहागाई महिनोन्‌महिने न ओसरण्याची.

अपेक्षांविषयीचे दावे पडताळण्यासाठी कुटुंबांच्या महागाई-अपेक्षांचे सर्वेक्षण उपयोगी पडते. मुंबई आणि नागपूरसह देशातील मोठ्या शहरांतील कुटुंबांना सध्याची महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी आणि वर्षभराने ती किती असेल, हे त्यात विचारले जाते. खाद्यपदार्थ, घरभाडे, सेवा अशा गटांत किमती सध्यापेक्षा अधिक वेगाने वाढतील का, असेही प्रश्न असतात. लोकांनी सांगितलेला आकडा अधिकृत महागाईपेक्षा सातत्याने जास्त असतो. त्यामुळे आकड्याच्या उंचीवरून निष्कर्ष काढू नये, मागील फेरीपेक्षा तो वर गेला की खाली आला ते पाहावे. हे सर्वेक्षण शहरी आहे, ही मर्यादाही ध्यानात असावी. कारखान्यांच्या क्षमता-वापराचे, ग्राहक विश्वासाचे आणि व्यावसायिक अंदाजकर्त्यांचे सर्वेक्षण याच रीतीने वाचता येते.

पतधोरण अहवालातील महागाईच्या अंदाजाचा आलेख पंख्यासारखा पसरत जातो. त्या पट्ट्या ५०, ७० आणि ९० टक्के शक्यतेच्या असतात. मधली रेघ बातमीत येते, पण पट्ट्यांची रुंदी पाहिल्याशिवाय अंदाजाची खात्री कळत नाही.

शेवटी बैठकीचे इतिवृत्त वाचावे. ते कायद्यानुसार बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते आणि प्रत्येक सदस्याचे मत कारणांसह त्यात असते. ऑगस्ट २०२४ मध्ये चार विरुद्ध दोन मतांनी दर कायम राहिला. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या बाह्य सदस्यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले. जुलैच्या बुलेटिनमधला जो लेख आपण आधी वाचला, त्यातील नैसर्गिक दराचा अंदाज कोणी स्वीकारला, कोणी त्याला हरकत घेतली आणि कोणी त्याचा उल्लेखही केला नाही, हे इतिवृत्तात शोधत जावे. संशोधनाचे वजन तेथेच कळते.

ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांनी बँकेच्या चर्चापत्रांना लेखी उत्तर द्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेने महागाई-उद्दिष्टाच्या चौकटीविषयी चार प्रश्न मांडून जनतेकडून सूचना मागवल्या होत्या, आणि खाद्यपदार्थांसह की त्यांना वगळून, हा २०२४ मधील प्रश्न त्यांत पहिला होता. उत्तर लिहिताना एकच प्रश्न निवडावा, आपला आकडा कोठून घेतला ते सांगावे, आणि आपल्या मताविरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा कोणता तेही त्याच पानावर लिहावे.