ठेच, अवधाण आणि दहा मार्कांचा प्रश्न: लसिका व प्रतिकार संस्थेचा अभ्यास

अंगठ्याला ठेच लागली, जखम पिकली, की दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतं. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी आजीला हे ठाऊक असतं. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा लॅब टेक्निशियनच्या पहिल्या वर्षाला असलेली तिची नात मात्र पेपरात ‘सुपरफिशियल इंग्वायनल नोड्स’, म्हणजे जांघेतल्या वरवरच्या लसिकागाठी, लिहायला विसरते. घरी मराठी, रिक्षात गुजराती, पेपर इंग्रजीत, म्हणून माहीत असलेली गोष्टसुद्धा परकी वाटते. यावर उपाय सोपा आहे. ही एकच ठेच धरा आणि दोन्ही संस्था तिच्या मागे मागे वाचा.

बहुतेक जण प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) तक्त्यापासून सुरुवात करतात. तो पाठ होतो आणि आठवड्यात विरून जातो, कारण तो टांगायला खुंटीच नसते. आधी पाणी समजून घ्या. केशवाहिन्यांतून दिवसाला साधारण २० लिटर द्रव पेशींभोवती झिरपतो, त्यातला १७ लिटर परत रक्तात शिरतो आणि उरलेला ३ लिटर लसिकावाहिन्या उचलतात; तीच लसिका. शिवाय झिरपलेली प्रथिनंही त्याच परत नेतात. हे वाक्य उत्तरात आलंच पाहिजे, कारण सूज का येते ते त्यावरूनच समजतं.

वडोदऱ्यात राहणाऱ्याला सुजेचा प्रश्न पावसाळ्यात फुकट शिकायला मिळतो. विश्वामित्री नदी भरून वाहत असेल तर पावसाळी कांस, म्हणजे पाणी नेणारा नाला, धड असूनही पाणी सोसायटीत तुंबतं, आणि कांसच गाळाने बुजली असेल तर नदी कोरडी असूनही तुंबतं. हार्ट फेल्युअरमधली सूज पहिल्या जातीची. तिथे शिरांमधला दाब वाढलेला असतो, सूज सहसा दोन्ही पायांवर येते आणि बोटाने दाबली की खळगा पडतो. फायलेरियातला हत्तीपाय दुसऱ्या जातीचा. तिथे वाहिनीच अडलेली असते, साचलेल्या द्रवात प्रथिनं जास्त असतात आणि जुनी झाल्यावर सूज टणक होते, खळगा पडत नाही. ‘एडीमा आणि लिम्फएडीमा यांतला फरक’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच झालं.

आता लसिकेची वाट काढा. कोरा कागद घ्या, पुस्तक मिटा, माणसाची नुसती बाह्यरेषा काढा. अंगठ्यापासून निघून जांघेतल्या सुपरफिशियल इंग्वायनल नोड्स, मग एक्स्टर्नल इलियाक, कॉमन इलियाक, लंबर नोड्स, लंबर ट्रंक, सिस्टर्ना कायली, थोरॅसिक डक्ट आणि शेवटी डाव्या सबक्लेव्हियन व डाव्या इंटर्नल जुग्युलर शिरांचा सांधा. तिथून रक्तात. ही साखळी तीन मिनिटांत बिनचूक काढता येईपर्यंत पुढे सरकू नका. सिस्टर्ना कायली पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यासमोर असते. थोरॅसिक डक्ट सुमारे ३८ ते ४५ सेंटीमीटर लांब असते, बाराव्या थोरॅसिक मणक्याच्या पातळीला डायफ्रॅममधून वर जाते आणि पाचव्याच्या आसपास उजवीकडून डावीकडे ओलांडते.

हमखास चुकतं ते उजवी-डावी. उजवी लिम्फॅटिक डक्ट जेमतेम सव्वा सेंटीमीटरची असते आणि फक्त डोक्या-मानेची उजवी बाजू, उजवा हात आणि छातीचा उजवा भाग सांभाळते. बाकी सगळं, उजवा पायसुद्धा, डावीकडे जातं. तेवढा उजवा तुकडा एका रंगाने आणि उरलेलं शरीर दुसऱ्या रंगाने रंगवा. जठराच्या कॅन्सरमध्ये गाठ डाव्या हसळीच्या हाडाच्या वर का सापडते, हा व्हायव्हातला आवडता प्रश्न त्या रंगातच सुटतो.

नोडची आकृती मात्र निवांत बसून शिका, मार्क तिथे आहेत. अर्ध्या पानाएवढा राजमा काढा. फुगीर बाजूने आत जाणारे तीन-चार बाण, खोलगट बाजूला, म्हणजे हायलमला, बाहेर जाणारी एकच वाहिनी आणि तिच्या शेजारी धमनी व शीर. बाण उलटे पडले तर आकृती कितीही सुबक असो, मार्क जातात. बाहेरचं कॉर्टेक्स बी पेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होतात त्यांचं. त्यात गोल फॉलिकल्स आणि त्यांच्या मध्ये फिकं जर्मिनल सेंटर. त्याच्या आत पॅराकॉर्टेक्स, ते टी पेशींचं. सगळ्यात आत मेड्युला, तिथल्या दोऱ्यांत प्लाझ्मा पेशी. लसिकेचा प्रवास कॅप्सूलखालचा सायनस, ट्रॅबेक्युलर सायनस, मेड्युलरी सायनस, मग बाहेर. एक गोष्ट जवळजवळ सगळेच गाळतात: ताज्या लिम्फोसाइट्स (बी आणि टी पेशी) नोडमध्ये मुख्यतः लसिकेतून येत नाहीत, पॅराकॉर्टेक्समधल्या हाय एंडोथेलियल व्हेन्यूल्समधून थेट रक्तातून उतरतात. आणि मराठी पुस्तकातल्या ‘लसिकाग्रंथी’ला भुलून पेपरात ‘ग्लँड’ लिहू नका. नोड काही स्रवत नाही, गाळतो.

बाकीचे अवयव एकाच कसोटीवर लावा: आत आणणारी लसिकावाहिनी कोणाला आहे? फक्त नोडला. प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल्सना नाही. म्हणून प्लीहा लसिका गाळत नाही, रक्त गाळते. तिचं वजन सुमारे १५० ग्रॅम, जागा डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीखाली. पांढरा पल्प प्रतिकाराचा, लाल पल्प म्हाताऱ्या तांबड्या पेशींचा. थायमस मुलांमध्ये मोठा असतो आणि वयात आल्यावर आकसत जातो.

प्रतिकार संस्था वाचताना ठेच सोडू नका, फक्त हातात घड्याळ घ्या. पहिल्या मिनिटांत मास्ट पेशी हिस्टमिन सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी पोचतात. दुसऱ्या दिवसापर्यंत मोनोसाइट्स येऊन मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, होतात. दरम्यान डेंड्रायटिक पेशी जंतूचा तुकडा घेऊन वरच्याच वाटेने जांघेत जातात आणि टी पेशीला दाखवतात. जंतू पहिल्यांदाच भेटलेला असेल तर प्रतिपिंड दिसायला पाच-सात दिवस लागतात, तेही आधी आयजीएम जातीचे. तोच जंतू पुन्हा आला तर दोन-तीन दिवसांत भरपूर आयजीजी. यांचे दोन आलेख एकाच अक्षावर काढा, वेगवेगळे काढले की तुलनेचा मुद्दाच जातो.

इथे तक्त्याची पाळी येते. रक्तद्रवातल्या प्रमाणाचा उतरता क्रम जी, ए, एम, डी, ई असा आहे. सलग म्हणा: ‘गामडे’. गुजरातीत ‘गावाकडे’. वडोदऱ्यात वाढलेला विद्यार्थी हे विसरणार नाही. आयजीजी सुमारे ७५ ते ८० टक्के आणि नाळेतून बाळाकडे जाणारी एवढीच. आयजीए चिकाच्या दुधात, लाळेत, अश्रूंत. आयजीएम पाच घटकांची जुडी. आयजीडी बी पेशीच्या पृष्ठभागावर. आयजीई ॲलर्जी आणि कृमींसाठी.

एमएचसीचा, म्हणजे टी पेशीला तुकडा दाखवणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांचा, घोळ पाढ्याने मिटतो: एक गुणिले आठ आठ, दोन गुणिले चार आठ. क्लास एक सीडी आठ टी पेशीला, क्लास दोन सीडी चार टी पेशीला. क्लास एक केंद्रक असलेल्या सगळ्या पेशींवर असतो, म्हणून तांबड्या पेशींवर नसतो.

हायपरसेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे प्रतिकाराच्या अतिरेकाचे, चार प्रकार व्याख्येने नाही, उदाहरणाने पाठ करा: पेनिसिलिनची ॲनाफिलॅक्सिस पहिला, चुकीच्या गटाचं रक्त दुसरा, एसएलई (ल्युपस) तिसरा, क्षयाची मांटू टेस्ट चौथा. मांटू ४८ ते ७२ तासांनी वाचतात आणि मोजतात ती टणक फुगवटी, मिलिमीटरमध्ये. लाली मोजली असं लिहिलं की उत्तर चुकलं.

लसीकरणात ‘कृत्रिम’ आणि ‘निष्क्रिय’ हे शब्द एकमेकांत मिसळतात. स्वतःला विचारा, प्रतिपिंड कोणी बनवले? बीसीजीनंतर शरीर स्वतः कामाला लागतं, म्हणून सक्रिय. कुत्रा चावल्यावर जखमेत देतात ते रेबीज इम्युनोग्लोब्युलिन तयार आलेलं, म्हणून निष्क्रिय. सोबतची रेबीजची लस मात्र सक्रिय, आणि दोन्ही एकाच पेशंटला का देतात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे: लसीचे प्रतिपिंड यायला आठवडाभर जातो, तेवढे दिवस तयार माल धकवतो.

नर्सिंगच्या पेपरासाठी दोन मुद्दे वेगळे लिहून ठेवा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतले नोड्स काढले असतील तर त्या बाजूच्या हातावर बीपी घेऊ नये, सुई टोचू नये. प्लीहा काढायची ठरली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी शक्यतो किमान १४ दिवस आधी. उजळणीला पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फक्त वाटेचा नकाशा, नोड आणि दोन आलेख कोऱ्या कागदावर काढा. कागद ठेवून द्या. सातव्या दिवशीचा पहिल्याशेजारी धरला की कुठला बाण अजून उलटा पडतोय ते दिसतं.