सिंकखालची गळती पकडायला दोन साधे आरएफआयडी टॅग

आरएफआयडी टॅग म्हणजे चिप आणि अँटेना असलेला, बॅटरी नसलेला स्टिकर. रीडर नावाचं यंत्र रेडिओ लहरी सोडतं, त्यांच्याच ऊर्जेवर टॅग जागा होऊन उत्तर देतो. कपाट प्लायचं असेल तरच हे जमतं. पत्र्याच्या कपाटात लहरी शिरत नाहीत. एकाच रोलमधले दोन यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) स्टिकर टॅग घ्या. रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्झवर.

एका टॅगवर टिपकागदाचे चार पदर गुंडाळून तो जॉइंटखाली ठेवला. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून त्याच उंचीवर, 15 सेंमी बाजूला. अँटेनाला पाणी लगटलं की तिचं ट्यूनिंग खाली सरकतं, शिवाय पाणी ऊर्जा शोषतं. मग टॅग जागा व्हायला जास्त पॉवर मागतो.

आधी नुसता आरएसएसआय, म्हणजे टॅगच्या उत्तराचा सिग्नल किती जोरात येतो तो आकडा, पाहिला. फसलं. कपाटासमोर कुणी उभं राहिलं तरी तो आकडा हलतो. मग रीडरची पॉवर 1-1 डीबीने (डेसिबल, पॉवरमधला फरक मोजायचं माप) वाढवत प्रत्येक टॅग पहिल्यांदा किती पॉवरला उत्तर देतो ते नोंदवलं आणि टिपकागदवाल्याच्या आकड्यातून पिशवीतल्याचा आकडा वजा केला. कोरडं असतानाही ही वजाबाकी शून्य येईलच असं नाही. तो मूळ आकडा लिहून ठेवायचा. त्यापेक्षा 3 डीबी जास्त, तेही सलग तीनदा, म्हणजे ओल. टिपकागदवाला गप्प आणि पिशवीतला बोलतोय, तरी ओलच. दोन्ही गप्प असतील तर आधी रीडर बघा.

काही नव्या चिप अँटेनाशी आपोआप जुळवून घेतात. गोदामात ती सोय, इथे खोडा: थोडी ओल झाकली जाते. स्टीलच्या पाइपाला चिकटवलेला साधा टॅग तर मुकाच. 5 सेंमी अंतर ठेवा. भिजून वाळलेला टिपकागद बदला, त्यात क्षार उरतात.